टाक्यावरची शिळा

अल्फारेटा, जॉर्जिया
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

ती. आईंना नेत्राचा नमस्कार.

तुमची खुशाली आश्लेषाताईंकडून रोज कळते, तरी पत्राची सुरुवात त्याच चौकशीने करावीशी वाटते. उजव्या हातात आता वाटी धरता येते, असं ताई परवा म्हणाल्या. ऐकून फार बरं वाटलं. सांगलीत अजून पाऊस रेंगाळतोय म्हणे, तेव्हा सकाळचं फिरणं ओल्या फरशीवरून नको, घरातल्या घरातच असू द्या.

इकडे आम्ही बरे आहोत. राजेशला नवीन प्रोजेक्ट मिळालाय, त्यामुळे ऑफिसला जास्त जावं लागतं. अनुष्का किंडरगार्टनला जायला लागली. पिवळी बस कोपऱ्यावर येते, ती एकटी चढते, मागे वळून बघतसुद्धा नाही. तुम्ही डेकवरच्या कुंडीत लावलेली मेथी उन्हाने गेली. कढीपत्ता मात्र तगलाय. गुरुवारी दसरा, मंडळाचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी आहे, श्रीखंडाचं काम माझ्याकडे आलंय. शेजारची मोना बुधवारी पुण्याला निघते, तिच्याबरोबर हे पत्र देते. तिचा भाऊ कोल्हापूरला जाताना सांगलीत पोचवेल.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तुमच्या स्पीच थेरपीच्या बाईंनी सांगितलंय ना, घरच्या माणसांनी पत्रं लिहावीत आणि ती रोज थोडी थोडी तुम्हाला वाचून दाखवावीत. ताई म्हणाल्या, बोललेलं तुम्हाला आता जवळजवळ सगळं समजतं, फक्त तोंडातून शब्द निघताना अडतो.

पण लिहायचं खरं कारण दुसरं आहे. ताईंनी सांगितलं की तुम्ही फोनमधला माझ्या उत्खननाचा फोटो उघडायला लावता, त्या चौकाचा, आणि त्यावर बोट ठेवून विचारता, "पुढे?" ताईंना वाटलं तुम्हाला पुढचा फोटो हवाय. त्यांनी पुढचा दाखवला, तो अनुष्काच्या वाढदिवसाचा, तर तुम्ही चिडलात. मला ऐकल्याबरोबर कळलं. टाक्यावरची शिळा काढली का, खाली काय निघालं, हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तुम्ही इथे हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा नाही, नंतर घरी व्हीलचेअरवर होता तेव्हाही नाही, आणि ऑगस्टमध्ये ताई तुम्हाला न्यायला आल्या, त्यांच्याबरोबर तुम्ही विमानात बसलात, तोपर्यंतही नाही.

सांगितलं नाही त्याला कारण आहे. पण आधी पुढचं सांगते.

ताईंना मागचं माहीत नाही, म्हणून थोडं पहिल्यापासून. पुण्यात पुरातत्त्वात एम.ए. केलं, मग लग्न, मग व्हिसा, मग नकाशांच्या सॉफ्टवेअरची ही नोकरी. जमीन मी फक्त स्क्रीनवर बघत होते. माझ्या बरोबरीने शिकलेला सत्यजित आता टेक्ससमध्ये शिकवतो. त्याचा फोन आला की इटलीत डोंगरउतारावर रोमन काळातलं एक शेतावरचं मोठं घर खणतोय, मोजणी आणि नकाशे करायला माणूस हवंय, जूनभर यायला जमेल का? मी तिथल्या तिथे नाही म्हणाले. अनुष्का पाच वर्षांची, कुठे जाणार? राजेशने ते तुम्हाला फोनवर सहज सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, "नाही का म्हणाली? मी येते. पोरीला मी बघते. जाऊ दे तिला मातीत."

माझ्या माहेरीसुद्धा मला असं कोणी म्हणालं नव्हतं.

तुम्ही मे महिन्यात आलात आणि मी गेले. ते घर कसं होतं ते तुम्हाला रोज थोडं थोडं सांगत होते, आठवतंय ना? एका अंगाला मालकाच्या खोल्या, भिंतींवर लाल गिलाव्याचे पोपडे, जमिनीत बारीक दगडांची नक्षी. दुसऱ्या अंगाला ऑलिव्हचा घाणा, तेलाचे रांजण पुरायचे खड्डे आणि राबणाऱ्या माणसांच्या अंधाऱ्या खोल्या. मधे चौक, त्याच्या चारी बाजूंना खांबांची ओवरी. खांब कधीच पडलेले, नुसते त्यांचे पाय शिल्लक. सकाळी उजाडताच आम्ही चौकात उतरायचो, ऊन चढलं की थांबायचो. संध्याकाळी मी हॉस्टेलच्या गच्चीवरून फोन केला की तुमचा पहिला प्रश्न असायचा, "आज काय निघालं?"

"खापऱ्या."

"अजून खापऱ्याच? ही माणसं जेवत होती का नुसती भांडी फोडत होती?"

मी दुसऱ्या दिवशी हे सगळ्यांना सांगायचे. सगळे हसायचे आणि विचारायचे, मदर-इन-लॉ आज काय म्हणाल्या.

मग चौकाच्या बरोबर मधे ती शिळा लागली. झाकण ठेवावं तशी बसवलेली, ठोकली की खालून पोकळ आवाज यायचा. छपरावरचं पाणी साठवायचं टाकं असणार, असा सत्यजितचा अंदाज होता. तुम्ही म्हणालात, "मग उघडा की." मी म्हणाले, आई, तसं नसतं, परवानगी लागते, इंजिनिअर यावा लागतो, उचलायला यारी मागवावी लागते. तुम्ही रोज विचारायला लागलात, उघडलं का? शेवटी सोमवार ठरला. रविवारी सुट्टी होती.

रविवारचं नंतर सांगते.

सोमवारी यारी यायलाच दुपार झाली, मग शिळेला पट्टे बांधले. यारीने ती एवढीशी उचलली आणि फटीतून थंड हवा वर आली. उन्हाने तापलेल्या चौकात पायांना गारवा लागला. आत गच्च गाळ असेल असं आम्ही धरून चाललो होतो. शिळा बाजूला झाली, सत्यजितने बॅटरी मारली, तर खाली पाणी. काळं, स्थिर, आणि त्यात आमची डोकी आणि वरचं आभाळ. पाणी त्या काळातलं नव्हे हो, झिरपून साठलेलं. पण टाकं अजून पाणी धरत होतं. बांधणाऱ्याने आतून असा गिलावा केला होता की इतक्या शतकांत त्याला तडा नव्हता.

मोजमापं घ्यायला मला दोराने खाली उतरवलं. पाणी गुडघ्यापर्यंत. तोंडाच्या दगडावर आतल्या बाजूने खाचा पडल्या होत्या, घागर ओढताना दोर घासून घासून पडलेल्या. मी खालून हात वर करून त्यांत बोट घातलं. कोणीतरी बाई, नाहीतर मुलगी, रोज इथे वाकून पाणी ओढत असणार. मला इतका आनंद झाला, आई, की मी एकटीच मोठ्याने हसले, आणि टाकं माझ्याबरोबर हसलं. वरून सत्यजितने विचारलं, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, थांबा, मला अजून वर घेऊ नका.

माझ्या आयुष्यात मी स्वतःपुरती इतकी सुखी कधीच नव्हते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या सुखात मी असतानाच तुम्ही इथे आमच्या किचनमध्ये पडलात.

फोन मी हत्यारांच्या पेटीत ठेवला होता. हात धुऊन बघितला तर राजेशचे मिस्ड कॉल खाली खाली जात होते. मिळेल त्या विमानाने निघाले. तुम्ही आयसीयूमध्ये होता. माझ्याकडे बघून तुम्ही काहीतरी म्हणालात. तो शब्द नव्हता.

आता रविवार.

आश्लेषाताई, तुम्ही हे मोठ्याने वाचताय. इथे तुम्हाला थांबावंसं वाटेल, पत्र घडी घालून ठेवावंसं वाटेल. कृपा करून ठेवू नका. आईंना दमायला झालं असेल तर उद्या वाचा, पण वाचा. तुम्हालाही हे ऐकायचा हक्क आहे, कारण तुम्ही नोकरीवर रजा टाकून त्यांचं सगळं करताय.

रविवारी दुपारी मी गच्चीवरून फोन केला. तुमच्याकडे सकाळ होती. राजेश इंडियन स्टोअरला गेला होता. मी विचारलं, "नाश्ता झाला का?"

तुम्ही म्हणालात, "झाला. अनुष्काला चमचा घातला."

मी म्हणाले, "काय घातलं?"

"चमचा. निळा." आणि मग, "तो… पातेलं… कधी उघडणार?"

तुम्हाला म्हणायचं होतं शिळा. निळा चमचा म्हणजे निळा फ्रॉक, अनुष्काच्या अंगात तो फ्रॉक मला व्हिडिओवर दिसत होता.

आणि मला कळलं होतं. नक्की कळलं होतं, आई. दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांना पुण्यात असंच झालं होतं. पेपर मागायच्या ऐवजी त्यांनी माझ्या आईकडे कात्री मागितली. आई घाबरून त्यांना तासाभरात हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली, म्हणून ते निभावलं. मी एकटीच पुण्याला गेले होते तेव्हा डॉक्टरांनी आम्हा माहेरच्या सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, शब्द चुकायला लागले की वाट बघायची नाही, थोड्या वेळाने माणूस नीट बोलायला लागला तरी वाट बघायची नाही. आपल्या घरात हे माहीत असलेली मी एकटी होते.

तेवढ्यात अनुष्काने फोन हिसकावला. ती म्हणाली, "आई, आजी इज सेइंग ऑल राँग वर्ड्स. शी कॉल्ड माय हेअर किटली."

मी म्हणाले, "अगं, आजी गंमत करतेय तुझ्याशी. तूपण तसंच बोल."

ती हसायला लागली. मग मी तुम्हाला म्हणाले, "आई, लाइन खराब आहे, काही ऐकू येत नाहीये. उद्या बोलू."

तुम्ही, ज्यांनी उभी नोकरी सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले, तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "लाइन चांगली आहे."

एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून स्पष्ट आलं. मी फोन बंद केला.

लगेच राजेशला फोन करता आला असता. तो स्टोअरमध्येच होता, अर्धं सामान टाकून परत फिरला असता. पण मग त्याने मला बोलावलं असतं, आणि मी सोमवारी चौकात नसते. मी गच्चीवर बसून स्वतःची समजूत घालत राहिले. आई दमल्या असतील. व्हिडिओ अडकत असेल. संध्याकाळी राजेशचा मेसेज आला, सगळे मजेत, आईने पुरणपोळी केली. त्यातलं फक्त "मजेत" मी वाचलं. जेवताना सत्यजितने विचारलं, "गप्प का? घरी ठीक आहे ना?" मी म्हणाले, "एकदम ठीक." त्याला खरं सांगितलं असतं तर त्याने मला गाडीत घालून विमानतळावर सोडलं असतं. नंतर तोच मला म्हणाला, तू नसतीस तरी चाललं असतं, मोजमापं मी घेतली असती. म्हणजे काम अडणार होतं असंही मला म्हणता येत नाही. मला तिथे असायचं होतं, एवढंच.

सोमवारी सकाळी राजेश ऑफिसला गेला आणि तुमचे शब्द पुन्हा चुकायला लागले. अनुष्काला मी सांगितलंच होतं, आजी गंमत करतेय. तीपण तुमच्याशी उलटंसुलटं बोलत बसली. तुम्ही तिला काहीतरी सांगायला बघत होता आणि ती हसत होती. तुम्ही खुर्चीवरून पडलात तेव्हासुद्धा तिला आधी तो खेळ वाटला. मग तुम्ही उठला नाहीत, तेव्हा तिने आयपॅडवरून बाबाला फोन लावला.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी राजेशला विचारलं होतं, आदल्या एकदोन दिवसांत काही लक्षण दिसलं होतं का? तो नाही म्हणाला, कारण त्याला दिसलं नव्हतं. मी पोचल्यावर त्यांनी मलाही विचारलं. मीही नाही म्हणाले. ते म्हणाले, रविवारी आणलं असतं तर कदाचित हे टळलं असतं, पण तुम्हाला तरी कसं कळणार? राजेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

तुम्ही हळूहळू बऱ्या होत होता. मी तुम्हाला भरवत होते, केस विंचरत होते, आणि येणारेजाणारे म्हणत होते, सून असावी तर अशी. तुम्ही ते ऐकत होता. तुम्हाला रविवार आठवतो का, हे मी तुमच्या डोळ्यांत शोधायचे. मग वाटायचं, आठवत नसेल तर बरं. असं वाटलं की मला माझीच शिसारी यायची, आणि मी तुमची चादर बदलायला घ्यायचे.

कदाचित मी कधीच बोलले नसते. मी इतकी वाईट आहे की नाही मला माहीत नाही, पण बोलले नसते. अनुष्काने बोलायला लावलं. शाळा सुरू झाल्यापासून ती मराठीत एक शब्द बोलत नव्हती. राजेशला वाटलं, शाळेत जायला लागली की सगळीच मुलं अशी करतात. एका सकाळी तिच्या वेण्या घालत होते. तिने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई, आजी वॉज नॉट प्लेइंग, ना? यू सेड शी वॉज प्लेइंग." आणि मग, "डिड आय मेक हर सिक?"

पाच वर्षांची मुलगी उन्हाळाभर हे पोटात घेऊन बसली होती.

मी तिला समोर घेऊन खाली बसले आणि सांगितलं, नाही, आजी खेळत नव्हती. आजीला बरं नव्हतं, ते आईला कळलं होतं, आणि आई तुझ्याशी खोटं बोलली. चूक आईची आहे, तुझी नाही. तू तर बाबाला फोन केलास. तिने विचारलं, "व्हाय?" मी म्हणाले, मला तिथेच राहायचं होतं म्हणून. तिने मान हलवली. बस आली, ती गेली.

त्या संध्याकाळी राजेशला सांगितलं. तो भांडी मशीनमध्ये लावत होता. त्याने एकच विचारलं, "तुला तेव्हा कळलं होतं?"

"हो."

हातातली ताटली त्याने ओट्यावर ठेवली आणि चप्पल घालून बाहेर गेला. तेव्हापासून तो अनुष्काच्या खोलीत झोपतो. घरातलं सगळं करतो, माझा डबासुद्धा भरतो, पण माझ्याकडे बघत नाही. मागच्या रविवारी मात्र म्हणाला, "आईला तूच सांग. माझ्याकडून ऐकायला नको तिला. आणि फोनवर नको सांगूस, तिला उत्तर देता येणार नाही आणि तू रडशील, मग तीच तुझी समजूत घालायला बघेल."

तो तुम्हाला चांगला ओळखतो. म्हणून हे पत्र.

माफी मागायला बसले तर मला काही लिहिता येत नाही. तुम्ही मला घराबाहेर पडायला दार उघडून दिलंत, आणि मी तुमचे शब्द घालवले. तुमचा आवाज, ज्याच्यावर तुम्ही घर चालवलंत, राजेशला आणि ताईंना शिकवलंत. सत्यजितने पुढच्या जूनसाठी विचारलंय. अजून घाण्याच्या बाजूच्या खोल्या खणायच्या आहेत. मी नाही म्हणून कळवलं. त्याने शिक्षा होते असं मला वाटत नाही. पण त्या चौकात उभं राहून मला पुन्हा आनंद झाला तर, याची भीती वाटते.

आणि एक विचारायचं आहे. राजेश आणि अनुष्का डिसेंबरमध्ये सांगलीला येणार, हे ठरलंय. त्यांची तिकिटं झाली. माझं मी काढलेलं नाही. मी यावं की नाही हे तुम्ही सांगायचं, दुसऱ्या कोणी नाही. ताई म्हणाल्या, "ये" आणि "नको" हे दोन्ही शब्द तुम्हाला आता येतात, पण कधीकधी एकाच्या जागी दुसरा येतो आणि मग तुम्ही स्वतःवरच चिडता. चिडू नका. हवा तो शब्द सापडेपर्यंत कितीही दिवस लागू देत. ताई, त्यांना घाई करू नका, आणि त्यांच्या वतीने तुम्ही ठरवू नका. "नको" आला तर मला तसंच कळवा, गोड करून सांगू नका.

अनुष्काने काल स्वतःहून मला "पाणी दे" म्हटलं. मराठीत. तेवढं तुम्हाला कळवायचं होतं.

खाली नेहमी "तुमची लाडकी सून" असं लिहिते. आज नुसतं नाव लिहिते.

नेत्रा